गणितात कच्ची म्हणून पाठवलेली मैथिली

पार्श्वभूमी

डिचोली तालुक्यातलं हे एक अनुदानित हायस्कूल, पाचवी ते दहावी. मुलं येतात ती आसपासच्या वाड्यांवरच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळांतून. चौथीपर्यंत मराठीत शिकायचं आणि पाचवीच्या पहिल्या दिवसापासून गणित, विज्ञान, समाजशास्त्र सगळं इंग्रजीत, हा गोव्यातल्या बहुतेक गावांतल्या मुलांचा ठरलेला रस्ता. त्यामुळे पाचवीच्या पहिल्या सहामाहीत कोण हुशार आणि कोण कच्चं हे सांगणं अवघड असतं. तरी शाळा ते सांगतातच.

मी या शाळेत समुपदेशक म्हणून जाते. आठवड्यातले काही दिवस इथे, बाकीचे दुसऱ्या शाळांत. मुलीचं नाव बदललं आहे, ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. तिला मैथिली म्हणू.

वडिलांचा पूर्वी खाणीवर ट्रक होता. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, मध्ये थोड्या चालल्या, 2018 मध्ये पुन्हा थांबल्या. तेव्हा त्यांनी ट्रक विकला आणि बालरथावर, म्हणजे शाळेच्या मुलांच्या बसवर, चालक म्हणून लागले. आई स्वयंसाहाय्य गटात, शाळांना मधल्या सुट्टीची पाव-भाजी पुरवणाऱ्या. मोठा भाऊ त्याच शाळेत सातवीत. घरी बोलणं कोकणीत, वाचन-लिहिणं मराठीत, आणि 2022 च्या जूनपासून वर्गात इंग्रजी.

अडचण

माझ्याकडे ती हुशार म्हणून आलीच नाही. वर्गशिक्षिकेच्या चिठ्ठीत तीन तक्रारी होत्या: लक्ष नसतं, वही अपूर्ण असते, विचारलं तर उलट उत्तर देते. गणिताच्या पहिल्या घटक चाचणीत वीसपैकी सात. शेवटी बाईंनी लिहिलं होतं, ‘लर्निंग डिसॅबिलिटी आहे का ते पाहावं.’

उलट उत्तराचा किस्सा स्टाफरूममध्ये सगळ्यांना पाठ होता. फळ्यावर वजाबाकीची दहा गणितं होती. मैथिलीने दोन सोडवली आणि वही मिटली. बाईंनी विचारलं, तर म्हणाली, ‘बाकीची तशीच आहेत.’

मी तिची वही मागवली. पुढची पानं खरोखर अर्धवट होती. मागच्या पानांवर मात्र पेन्सिलीने बारीक अक्षरात वजाबाक्या भरल्या होत्या, त्या कुणी दिलेल्या नव्हत्या. 732 वजा 237, 495. 614 वजा 416, 198. 891 वजा 198, 693. अशी दोन पानं. खाली मराठीत एक ओळ: ‘मधला आकडा काही करत नाही. पहिल्यातून शेवटचा वजा करायचा आणि 99 ने गुणायचं.’

तीन आकडी संख्या उलटी करून वजा केली की उत्तर नेहमी 99 च्या पटीत येतं, आणि ती पट म्हणजे टोकाच्या दोन आकड्यांतला फरक. 7 आणि 2 मध्ये 5 चा फरक, म्हणून 99 गुणिले 5, 495. बीजगणित येणाऱ्याला हे दोन ओळींत दाखवता येतं. दहा वर्षांच्या मुलीला बीजगणित कुणी शिकवलेलं नव्हतं. तिने ते फळ्यावरच्या कंटाळवाण्या वजाबाक्यांतून स्वतः काढलं होतं, आणि त्याच तासाला तिला अपूर्ण वहीबद्दल शेरा मिळाला होता.

मी तीच चाचणी पुन्हा घेतली. आकडे तेच, प्रश्न तेच, फक्त शाब्दिक उदाहरणं मराठीत वाचून दाखवली. सतरा गुण. गेलेले तीन पायऱ्या न लिहिल्याबद्दल. तिच्या मते पायऱ्या लिहिण्यासारखं तिथे काही नव्हतंच.

मग तिच्या प्राथमिक शाळेतल्या बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, ‘ती होय? चौथीचं गणिताचं पुस्तक जून-जुलैत संपवून बसली होती. मग मी तिला लहान मुलांच्या वह्या तपासायला द्यायचे.’ त्यांच्या चौथीत मोजून सहा मुलं. त्या बाईंना जे वर्षभर माहीत होतं, ते तीन किलोमीटरवरच्या हायस्कुलात पोहोचायला सप्टेंबर उजाडला.

चाचणी करायची की नाही

इथे पहिलं वळण आलं. बुद्ध्यांक काढून आणा, कागद हातात असला की पुढे बोलू, असं मुख्याध्यापकांचं म्हणणं. वडील लगेच तयार झाले. आजी मात्र हटून बसली. कारण चाचणी म्हणजे बांबोळीचं सरकारी मानसोपचार रुग्णालय, आणि बांबोळीला मानसोपचाराच्या इमारतीत पोरीला नेलं हे वाड्यावर कळलं तर लोक काय म्हणतील. ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही; अशा घरांत ती मी नेहमी पाहते.

शेवटी चाचण्या एका खाजगी मानसशास्त्रज्ञांकडे झाल्या. एक रेव्हनची आकृत्यांची चाचणी, ज्यात भाषा लागत नाही, आणि दुसरी बिने-कामत, मराठीत. डॉ. कामतांनी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांच्या बुद्धीच्या कसोट्या कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी बेतल्या, त्यावरचा त्यांचा लेख 1934 चा. आपल्या भाषेसाठी इतक्या आधी हे काम झालं याचं मला कौतुक आहे. पण त्या कसोटीची मानकं, म्हणजे ज्यांच्याशी मुलाची तुलना होते ते वयवार गुण, आता फार जुनी झाली आहेत आणि जुन्या मानकांवर आजच्या मुलांचे आकडे फुगून येतात. मैथिलीचा आकडाही डोळे दिपवणारा आला. मी तो शाळेला सांगितला नाही. ‘वयाच्या मानाने खूप वरच्या पातळीवर, विशेषतः गणिती तर्कात’ एवढंच लिहून दिलं. मुख्याध्यापकांना ते रुचलं नाही, स्नेहसंमेलनात सांगायला त्यांना आकडा हवा होता.

आकड्याबद्दल एक जाता जाता. अमेरिकेत टर्मन या मानसशास्त्रज्ञांनी 1921 पासून सुमारे दीड हजार मुलांना बुद्ध्यांकावर निवडून आयुष्यभर त्यांचा अभ्यास केला. त्या निवडीत नापास ठरलेल्या दोघांना, शॉकली आणि अल्वारेझ यांना, पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निवडलेल्यांपैकी कुणालाच मिळालं नाही. चाचणी मूल शोधायला मदत करते, पण चाळणी म्हणून ती एकटी वापरली तर भोकं कुठे आहेत हे आधी कळत नाही.

माझ्या दृष्टीने चाचणीपेक्षा वहीची मागची पानं पुरेशी होती. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी प्रतिभेसाठी 1978 मध्ये मांडलेल्या तीन वर्तुळांशी ती पानं जुळत होती: सरासरीपेक्षा बरी क्षमता, स्वतःचं काही सुचणं, आणि एका कामाला चिकटून राहणं. तिसरं वर्तुळ आपण विसरतो. बाईंनी दिलेल्या कामाला ती चिकटत नव्हती, पण स्वतःच्या प्रश्नाला दोन पानं चिकटली होती.

समोर आलेले पर्याय

ऑक्टोबरात बैठक झाली: मुख्याध्यापक, गणिताचे सर, वर्गशिक्षिका, आईवडील आणि मी. जो तो आपापला पर्याय घेऊन आला होता.

वडिलांना वाटत होतं, एक इयत्ता वर ढकला. हे ऐकून शिक्षक दचकले, पण कल्पना वेडगळ नाही. वर्ग ओलांडणाऱ्या मुलांचा अभ्यास मागे पडतो किंवा ती एकलकोंडी होतात ही समजूत संशोधनात टिकत नाही. आयोवा विद्यापीठातून 2004 मध्ये निघालेल्या अहवालाने ते बरंच सविस्तर मांडलं. त्याच मंडळींची एक तपासयादी आहे, वर्ग ओलांडायचा का हे ठरवण्यासाठी. त्यात काही गोष्टी असल्या तर थांबा म्हणून सांगितलं आहे, आणि त्यातली एक म्हणजे ज्या वर्गात मूल जाईल तिथे भाऊ किंवा बहीण असणं. वर्षाच्या शेवटी मैथिली पाचवीतून थेट सातवीत गेली असती, तर भाऊ आठवीत गेलेला असता, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या अडथळा नाही. पण वडिलांच्या मनात आत्ताच, दिवाळीनंतर सहावीत बसवायचं होतं, आणि मग जूनमध्ये सातवी, मग आणखी एक उडी. दोन उड्यांनी ती भावाच्या बाकावर आली असती. ‘येऊ दे की,’ वडील म्हणाले. आई काही बोलली नाही. मुलीला विचारलं तेव्हा तिने सरळ सांगितलं, ‘मला इंग्लिश येत नाही. तिथे आणखी जास्त इंग्लिश असेल.’ शिवाय मुख्याध्यापकांनी शिक्षण खात्याच्या कार्यालयात चौकशी केली होती. उत्तर तोंडी मिळालं आणि त्यातून होकार की नकार ते कळेना. हा पर्याय तिथेच थांबला.

वर्गशिक्षिकेने नवोदयचं सुचवलं. उत्तर गोव्याचं नवोदय विद्यालय वाळपईला आहे, फार लांब नाही. पाचवीत असताना प्रवेश परीक्षा द्यायची, सहावीपासून वसतिगृहात राहून मोफत शिक्षण. परीक्षा मराठीतही देता येते, हा मोठाच फायदा.

पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीबद्दल कुणीतरी वडिलांना सांगितलं होतं. 1962 मध्ये आप्पा पेंडसे यांनी ती उभी केली आणि 1969 पासून तिथे अशा मुलांसाठी प्रशाला चालते. पण पुण्यात राहणार कुणाकडे, या प्रश्नावर ते दोन मिनिटांत निकालात निघालं.

मुख्याध्यापकांना स्पर्धा हव्या होत्या. पूर्वी शाळेतल्या हुशार मुलांसाठी एनटीएसई ही राष्ट्रीय प्रतिभा शोध परीक्षा असायची, ती 2021 नंतर थांबली, ही त्यांची खंत. मग अॅबॅकस, वैदिक गणित, कसल्याशा ऑलिंपियाड नावाच्या खाजगी परीक्षा. वडिलांनी म्हापशाच्या एका अॅबॅकस वर्गाचं पहिलं शुल्क भरलंही होतं. मला अॅबॅकसबद्दल राग नाही, पण ते वेगाचं शिक्षण आहे, आणि या मुलीला वेगाची टंचाई नव्हती.

गणिताचे सर सगळ्यात शेवटी बोलले. ‘माझ्या वर्गात एक्केचाळीस मुलं आहेत. निम्म्यांना अजून भागाकार येत नाही. मी हिच्यासाठी वेगळं काय करू? फार तर तिला इतरांना शिकवायला सांगतो.’ प्राथमिक शाळेत हेच झालं होतं. हुशार मूल म्हणजे फुकटचा मदतनीस, ही सोय इतकी नैसर्गिक वाटते की त्यात मुलाचा तास गेला हे कुणाच्या लक्षात येत नाही. पण सरांची अडचण खोटी नव्हती. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष प्रतिभेच्या मुलांसाठी विषयवार मंडळं, पूरक साहित्य, बी.एड.ला विशेषीकरण असं बरंच काही लिहिलेलं आहे. त्यातलं सरांच्या पस्तीस मिनिटांच्या तासात काय उतरतं, हा खरा प्रश्न होता.

ठरलं ते

ठरलं ते सरांच्या प्रश्नाच्या आकाराचं. रेन्झुलींच्याच पद्धतीतली एक गोष्ट आम्ही उचलली, अभ्यासक्रम आटवणं. धडा सुरू होण्याआधीच त्या धड्याची शेवटची चाचणी द्यायची. जेवढं येतं तेवढ्याच्या सरावातून सुटका. जे येत नाही ते वर्गाबरोबर शिकायचं. वाचलेल्या वेळात दुसरं काम. सरांना नवीन काही तयार करायचं नव्हतं, चाचणी त्यांच्याकडे होतीच, फक्त ती महिनाभर आधी द्यायची.

चाचणीचे शाब्दिक प्रश्न पहिलं वर्षभर मराठी आणि इंग्रजी दोन्हीत. यावर बरीच खडाजंगी झाली. एकीला दिलं तर बाकीच्यांचं काय? सर म्हणाले, मग सगळ्यांनाच देतो. बैठकीतला सगळ्यात चांगला निर्णय हा असा वादाच्या भरात झाला.

वेळेचा प्रश्न वडिलांच्या बालरथाने सोडवला. त्यांची पहिली फेरी पावणेसातला निघते. मैथिली त्याच फेरीत शाळेत येई आणि प्रार्थनेपर्यंत व्हरांड्यात बसून राही. गावातच एक निवृत्त गणिताचे मास्तर आहेत, सकाळी फिरायला शाळेवरूनच जातात. त्यांना विचारलं. आठवड्यातून दोन सकाळी ते वाचनालयात बसतील असं ठरलं. मास्तरांना एकच अट घातली: पुढच्या इयत्तेचं शिकवायचं नाही, तिच्या प्रश्नांवरच काम करायचं.

नवोदयचा अर्जही भरायचं ठरलं. त्याला नाही म्हणण्यासारखं कारण कुणाजवळ नव्हतं.

काय केलं, कसं चाललं

मास्तरांचा पहिला प्रश्न होता, ‘तीन आकड्यांचं तू काढलंस. चार आकडी घेतली तर?’ मुलीने 5231 वजा 1325 केलं, 3906. 99 ने भाग जात नाही. ती दोन दिवस फणफणली होती, असं आई सांगते. पुढच्या खेपेला तिने दहाबारा उदाहरणं करून आणली: 99 ने जात नाही, पण 9 ने नेहमी जातं, आणि आता मधले आकडे ‘काहीतरी करतात’. काय करतात हे शोधायला तिला दिवाळीची सुट्टी लागली. मास्तरांनी उत्तर सांगितलं नाही, फक्त आकड्यांच्या जागी अक्षरं लिहायला शिकवलं. त्या सकाळी मी तिथे होते. मैथिलीने अक्षरांतली वजाबाकी पूर्ण केली, कागद उलटा धरून पुन्हा पाहिला आणि विचारलं, ‘म्हणजे आता सगळ्या संख्यांचं एकदम झालं?’

वर्गातही फरक दिसू लागला. अपूर्णांकांच्या धड्याआधीच्या चाचणीत तिला बेरीज-वजाबाकी आली, गुणाकार आला, भागाकार आला नाही. त्यामुळे भागाकाराच्या तासांना ती वर्गात कान देऊन बसू लागली. सरांना हे अनपेक्षित होतं. ‘ऐकते, कारण ऐकण्यासारखं आहे’, हे त्यांचंच वाक्य.

नवोदयच्या तयारीने मात्र तीन महिने खाल्ले. ऐंशी प्रश्न, दोन तास, म्हणून घरी रोज घड्याळ लावून सराव. परीक्षेत निवड झाली नाही. बाहेर आल्यावर वडिलांनी विचारलं तेव्हा कळलं, आकृत्यांच्या एका प्रश्नाला दोन उत्तरं बरोबर असू शकतात असं तिला वाटलं आणि ती ते पटवून घेत बसली. शेवटचे पंधराएक प्रश्न राहिले. वडील आठवडाभर गप्प होते.

सहावीत संगणकाच्या तासाला राज्याच्या योजनेतलं कोडिंग सुरू झालं, तिथे ती रमली. त्याच वर्षी आणखी एक मुलगा सकाळच्या वाचनालयात येऊन बसू लागला, गुणांनी मधला, पण प्रश्न विचारणारा. मास्तरांनी त्याला हाकललं नाही. मैथिलीला शाळेत पहिल्यांदा भांडायला जोडीदार मिळाला.

मग सहावीच्या दुसऱ्या सहामाहीत गणिताचे सर दीर्घ रजेवर गेले. बदली शिक्षिका आल्या, त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात अपूर्ण वहीचा शेरा परत आला. आटवण्याची सगळी पद्धत सरांच्या डोक्यात होती, कागदावर काहीच नव्हतं. ती सुरळीत व्हायला महिना गेला. त्यानंतर मुख्याध्यापकांनी एक पानी नोंद करायला लावली: कोणता धडा, आधीच्या चाचणीत काय आलं, कशातून सूट, त्या वेळात काय काम. आता ते पान वर्गाबरोबर पुढे सरकतं.

परिणाम

मैथिली आता आठवीत आहे. इंग्रजी वाचन वर्गाच्या बरोबरीने, लिहिणं थोडं मागे. गणितात पहिली नसते, कारण पायऱ्या अजूनही गाळते. गणित ऑलिंपियाडच्या पहिल्या पायरीला, म्हणजे आयओक्यूएमला, आठवीपासून बसता येतं. ती बसली, पात्र ठरली नाही, आणि प्रश्नपत्रिका घरी आणून महिनाभर सोडवत राहिली. वर्गातल्या तक्रारी थांबल्या. दोन भाषांतल्या चाचणीमुळे पाचवीतल्या आणखी काही मुलांचे गुण वाढले, आणि त्यातली तिघं कच्च्यांच्या यादीतून बाहेर आली. शाळेने त्यानंतरच्या वर्षीही पहिल्या सहामाहीपुरती ती ठेवली.

वेगळं काय करता आलं असतं

प्राथमिक शाळेतून हायस्कुलात फक्त दाखला आणि गुणपत्रक येतं. जूनमध्ये एक फोन झाला असता तर पहिली सहामाही वाचली असती. आता पाचवीचे वर्गशिक्षक प्राथमिकच्या बाईंना प्रत्येक मुलाबद्दल एक प्रश्न विचारतात: हे मूल कशात रमतं? उत्तरं कधी कधी ‘पानात चित्रं काढतो’ एवढीच असतात, तीही लिहून ठेवतात.

चाचणी टाळता आली असती. तिने शाळेची खात्री पटली, पण घरात दोन महिने ताण राहिला, पैसे गेले, आणि निर्णय एकही बदलला नाही. भाषा न लागणारी रेव्हनची एकच चाचणी घेतली असती तरी चाललं असतं.

नवोदयबद्दल माझं मत इतरांपेक्षा वेगळं आहे. परीक्षा द्यायला हरकत नव्हती, पण सकाळची दोन सत्रं बंद करून तयारी करून घेणं मला पटलं नाही. मास्तरांनाही पटलं नव्हतं. वडिलांचं म्हणणं वेगळं: गरिबाच्या पोरीला असं दार दुसऱ्यांदा उघडत नाही. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

आणि भाऊ. सगळ्या बैठकांत त्याचं नाव फक्त ‘तिथे भाऊ आहे’ म्हणून आलं. त्या वर्षी त्याने बालरथात पुढची जागा सोडली, मागे मित्रांत बसू लागला. गणिताचा गृहपाठ बंद केला. वार्षिक परीक्षेत तो पहिल्यांदाच गणितात काठावर आला, तेव्हा वर्गशिक्षकांच्या लक्षात आलं. त्याच्याशी बोलल्यावर तो एवढंच म्हणाला, ‘घरात आता गणित तिचं आहे.’ तो गाड्यांच्या इंजिनात हुशार आहे, ट्रक विकायच्या आधीपासून. नववीला त्याला मोटार दुरुस्तीचा व्यावसायिक विषय मिळाला आणि तो सावरला, पण ऑक्टोबरातल्या त्या बैठकीत त्याच्यासाठी पाच मिनिटं काढायला हवी होती.

सध्या प्रश्न नववीचा आहे. नववीला गणित शिकवणाऱ्या शिक्षकांनी ते पान वाचलं आणि परत केलं. बोर्डाच्या वर्गात सूट देणं त्यांना धोक्याचं वाटतं, कारण पायऱ्यांना गुण असतात आणि मैथिली त्याच गाळते. मास्तर म्हणतात, पायऱ्या लिहायला मी शिकवतो, पण सराव कमी करा. नववीच्या शिक्षकांचं म्हणणं, आधी पायऱ्या दिसू देत. वर्ष सुरू होण्याआधी दोघांना एकत्र बसवायचं ठरलं आहे, आणि या वेळी मैथिलीलाही बोलावलं आहे.